डिकीवरचा हात

उद्या पहाटे निघताय ना डोंगर बघायला? जा, जरूर जा. नव्या गावात आलं की पहिले सहा महिने माणूस डोंगरच बघतो. मग गळका नळ आणि घरमालकाचं तोंड बघत बसतो. वीज काही एवढ्यात येत नाही इथली. धुकं उतरलं की जाते आणि तिच्या मर्जीनं येते. सूनबाई, ती मेणबत्ती जरा पलीकडे सरकव, डोळ्यांवर येतेय. आणि बस तूही, भांडी कुठे पळून जात नाहीत.

मगाशी गल्लीत गाडी लावताना ही उतरून 'ये, ये' करत होती आणि तू काच खाली करून खेकसलास, "कॅमेरा आहे गाडीला, तू मध्ये लुडबुड करू नकोस." ऐकलं मी. म्हातारा झालो म्हणून बहिरा झालो नाही अजून. म्हणून सांगतो. घडलेलं सांगतोय, ऐकीव नाही. ज्याच्यावर आलं त्याला मी ओळखत होतो. त्याची गाडी माझ्याच गॅरेजात यायची.

चष्मेवाला होता तो. बाजाराच्या चढावर दुकान टाकलं होतं. तुमच्यासारखाच बायकोला घेऊन नवीन आलेला. पहिल्यांदा माझ्याकडे आला तो बाजूच्या आरशाची फुटलेली काच बदलायला. मी काच बसवतोय आणि ही दोघं भांडतायत, पण गोडीत. ती म्हणते, गाडी तुला आवरली नाही. तो म्हणतो, क्लीनरचं लक्ष नव्हतं.

क्लीनर म्हणजे बायको. तिचे वडील ट्रक चालवायचे. शाळेला सुट्टी लागली की ही वडिलांबरोबर ट्रकवर. गाडी मागे घेताना खाली उतरायची आणि मागच्या फळीवर हातानं वाजवायची. टक-टक, टक-टक वाजलं म्हणजे येऊ दे, अजून येऊ दे. आणि सपकन एकच फटका बसला म्हणजे थांब. मग पुढे-मागे काही नाही, आहेस तिथं थांब. तीच पद्धत तिनं नवऱ्याच्या गाडीला लावली. फळीच्या जागी डिकी, एवढाच फरक.

गावात ओळखीचं कोणी नाही, मग रविवारी करणार काय? थर्मासमध्ये चहा भरायचा आणि निघायचं. कधी धरणाच्या वरच्या अंगाला, कधी घाटात, कधी नुसतंच त्या पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते बघायला. रस्ता संपला की गाडी वळवायची. डोंगरातली जागा, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. ती उतरायची, टक-टक करत त्याला मागे घ्यायची, फटका मारायची, तो थांबायचा. आरशाकडे ढुंकूनही बघायचा नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, नवी काच बसवून दिली ती शोभेला का?" तर हसून म्हणाला, "काका, ती मागे असताना आरसा कशाला?"

वर्षभर असं छान चाललं. मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ती आधी मोठ्या इस्पितळात एक्स-रे काढायची. चांगली नोकरी होती, नवऱ्यासाठी सोडून आली. इथल्या दवाखान्यात एक डॉक्टर, एक खाट. मशीनचं नाव नाही. त्याचं दुकान जोरात आणि ही दिवसभर घरात. बोलू लागली तसा तो चिडू लागला. क्लीनर हा शब्द तोच राहिला, त्यातला लाड मात्र गेला. एकदा माझ्यासमोर म्हणाला, "हिला दुसरं येतंय काय? क्लीनर आहे ती." ती फडक्यानं पुढची काच पुसत होती. हात थांबला. मला वाटलं, एक ठेवून द्यावी याच्या कानाखाली. पण गिऱ्हाईक पडलं.

आणि मग एका रविवारी ती गेली. घाटातल्या त्या शेवटच्या जागी, जिथं कठडा नाही, तिथं धुक्यात पाय घसरला म्हणाला. दरीतून वर काढायला दुसरा दिवस उजाडला. सगळं गाव हळहळलं. त्याच्या दुकानात लोक चष्मा करायला कमी आणि धीर द्यायला जास्त यायचे.

त्यानंतर त्याची गाडी माझ्याकडे येऊ लागली, दर वेळी मागून फुटून. आधी मागचा दिवा. मग बंपर. मग पुन्हा दिवा. घराच्या फाटकातून आत घेताना मागच्या भिंतीवर नेऊन आदळायचा. तिसऱ्यांदा आला तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "चष्मेवाल्यालाच चष्मा लागला की काय?"

हसला नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "काका, ती थांब म्हणत नाही."

मला वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. नवा दिवा लावला आणि घरी पाठवला.

नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. मी शटर ओढायच्या बेतात होतो, दिवे लागून तासभर झाला असेल. धुकं असंच, आजच्यासारखं. तो आला आणि जुन्या टायरवर बसला. मी चहा विचारला, नको म्हणाला. आणि न विचारता सांगायला लागला.

त्या रविवारी जाताना गाडीत तिनं सांगितलं होतं, जुन्या इस्पितळानं परत बोलावलंय. एक तारखेला मी चालले. तुला यायचं तर ये. रस्ता संपला. यानं गिअर मागचा टाकला. एवढं होऊनही ती उतरली. सवयच ती. टक-टक... टक-टक... आणि मग फटका.

"ऐकू आला?" मी विचारलं.

"आला."

"मग?"

खाली पडलेला एक नट उचलून बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, "मला वाटलं, चाललीये ही, आणि थांबायचं मी? थोडीच घेतली गाडी, काका. थोडीशीच. तिला नुसतं घाबरवायला."

फटका मारल्यावर ती कधी बाजूला व्हायची नाही. कशाला होईल? तिला माहीत होतं, गाडी थांबणार.

मी हातातला पाना खाली ठेवला. तो उठला आणि म्हणाला, "आता रोज येते. मी मागचा गिअर टाकला की सुरू. टक-टक, टक-टक. आरशात भिंत दिसते, तरी पाय ब्रेकवर जात नाही. वाटतं, आता फटका मारेल. मग थांबू. ती मारतच नाही. येऊ दे म्हणते. नुसतं येऊ दे." मग किल्ली फिरवली आणि गाडी घाटाकडे वळवली. घराकडे नाही. मी त्याला अडवलं नाही. खरं सांगतो, अडवावंसं वाटलंच नाही.

पुढचं त्यानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी.

वर पोचला. गाडीचे दिवे धुक्यात चार हातांपुढे जाईनात. रस्ता संपतो तिथं थांबला. काच खाली केली. वारा नाही. पाखरू नाही. मागचा गिअर टाकला.

टक-टक.

गाडी मागे गेली. टक-टक... अजून. टक-टक... त्याला जागा माहीत होती. किती उरलीये ते माहीत होतं. तो जाणारच म्हणून आला होता. मनात म्हणाला, ने. जिथं नेतेस तिथं ने मला.

टक-टक...

चाकाखाली खडी वाजेनाशी झाली. नुसती माती.

टक-टक...

गाडीचं नाक वर उचललं गेलं. जरासं.

मग आवाज थांबला.

काहीच नाही...

तो बोलला. तिला हाक मारली. पाय ब्रेकवरून सुटलेला. गाडी आपसूक सरकतेय... सरकतेय...

सपकन्.

एकच.

सगळी गाडी हादरली. आणि त्याचा पाय ब्रेकवर होता. त्यानं ठेवला नव्हता. गेला होता.

उजाडेपर्यंत तो तसाच बसून राहिला, पाय दाबून. मग उतरून मागे गेला. मागच्या चाकामागे वीतभर माती होती, आणि मग दरी. डिकीला हात मारायला माणूस उभा राहील एवढी जागा तिथं नव्हतीच. मांजरही राहिलं नसतं.

गाडी माझ्या दारात उभी करून किल्ली माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "जीव वाचला तुमचा. वाचवलं हो तिनं." वेडा मी. काहीतरी बरं बोलायला गेलो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अशी नजर, पोरांनो, कोणाच्या वाट्याला येऊ नये. म्हणाला, "वाचवलं नाही, काका. दाखवून दिलं. मरायला गेलो होतो मी, तरी फटका ऐकला आणि पाय गेला ब्रेकवर. न सांगता गेला. म्हणजे जातो तो. जाऊ शकतो." आणि मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी का नाही गेला, हेच विचारायला आली होती ती."

दुकान त्यानं विकलं. आता कुठे असतो, कोणाला ठाऊक नाही. जगतोय एवढं नक्की, कारण तिनं त्याला जगायला लावलंय. मेला असता तर सुटला असता. माझं म्हणाल तर मला त्याची दया येत नाही. तिची येते. भांडून, निघून जायचं ठरवून, शेवटी उतरली ती बाई त्याची गाडी नीट वळावी म्हणून.

हं, आली बघ वीज. मला सोडायला गाडी काढतोस ना? काढ. सूनबाई उतरेलच मागे. काच खाली ठेव आणि ती सांगेल ते ऐक.

गाडीचं म्हणतेस? ती दुरुस्त करून दिली मी, त्याच्या भावानं नेली. डिकीचं झाकण तेवढं नवं बसवलं. जुन्या झाकणावर हात उमटला होता. चिखलाचा नव्हे, पत्र्यात बसलेला. बाईमाणसाचा, लहान. पाच बोटं, तळवा आणि एका बोटावर अंगठीची कड. रंगाचा मात्र टवका उडालेला नाही. एवढा पत्रा आत जायचा तर रंग तडकतो, आयुष्य गेलं माझं यात. म्हटलं, भंगारात घालायच्या आधी निदान तो हाताचा ठसा तरी घालवून टाकू. आतून ठोकलं, सपाट केलं, वरून पुट्टी भरली, घासली, रंग मारला. आरशासारखं झालं. शटर लावून घरी गेलो.

सकाळी उघडलं तर पुट्टी खाली पडली होती, चुरा होऊन. हात होता तिथंच. अंगठीसकट.