तो जमिनीवर राहावा म्हणून

त्या सोमवारी माझ्या घशाला कोरड पडली होती, आणि माझ्यासमोर एक माणूस बंबातलं पाणी मातीत ओतत होता.

नरडाण्याजवळच्या एका वावरात मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरणार होतं. असं कुणी येणार असलं की दोन गाड्या आधी पोचाव्या लागतात, धुळ्याचा अग्निशमन बंब आणि आमची रुग्णवाहिका. रुग्णवाहिकेत मी, नर्स म्हणून, आणि चालक लोटनभाऊ. बंबावर पितांबरनाना नावाचे वयस्क जमादार, आणि हा. निळा गणवेश, गुडघ्यापर्यंत गमबूट. चुन्याने आखलेल्या वर्तुळावर तो पाणी मारत होता, पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडू नये म्हणून. एप्रिल महिना. सकाळचे साडेनऊ, पण ऊन पाठीवर हात ठेवल्यासारखं बसलेलं.

मध्येच नोझल खाली ठेवून तो माझ्याकडे आला. हातात पाण्याची बाटली.

"सिस्टर, घ्या. ओठ बघा कसे झालेत."

मी मान हलवली. सोमवारी महादेवाला पाणी घातल्याशिवाय मी पाणी पीत नाही, आणि त्या दिवशी ड्युटीला पहाटेच निघावं लागल्याने देऊळ झालं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही. लोटनभाऊंनी सांगितलं, चार गोष्टी जास्तीच्या जोडून.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. बांधाकडे बघत म्हणाला, "गाडी वळवताना दिसलं मला... त्या निंबाखाली महादेव आहे. पाच मिनिटांचं काम. चला."

"आणि तुमचं पाणी?"

"ते पडतंय की."

खरंच पडत होतं. नोझल एका दगडावर टेकवून, वर्तुळाच्या मधोमध तोंड करून त्याने ठेवली होती. आम्ही बांध ओलांडून गेलो. निंबाखाली काळी पिंड होती, वरती कोणीतरी वाळलेला बेल वाहिलेला. त्याने बंबातून भरून आणलेलं तांब्याभर पाणी मी घातलं. तो गमबूट काढून अनवाणी उभा राहिला... आणि गमबूट काढायला, घालायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं. मग मी पाणी प्यायले. तो बघत होता. मी पाठ फिरवून उरलेलं प्यायले.

"नाव सांगा ना," तो परतताना म्हणाला. "सारखं सिस्टर म्हणायला मला बरं वाटत नाहीये."

"सुलक्षणा."

"योगेंद्र," तो म्हणाला, आणि समोर बघून थांबला.

खानदेशातली काळी माती. वीस मिनिटं पाणी पडल्यावर तिचं जे होतं ते झालं होतं. चुन्याचं वर्तुळ गायब, मधलं इंग्रजी एच अक्षर गायब, त्या जागी पायाचे घोटे बुडतील एवढा चिखल. पितांबरनाना कपाळाला हात लावून उभे होते. "बठ्ठा वावरना चिखल करी टाका," एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यात आवाज आलाच.

हेलिकॉप्टर दोनदा घिरट्या घालून गेलं. तिसऱ्यांदा शेजारच्या गव्हाच्या कापलेल्या धसकटांत उतरलं. मंत्री पायी गेले, बूट झटकत. नंतर वैमानिक खाली आले, मिशा पिकलेले, सैन्यातून निवृत्त झालेले एक मराठी कॅप्टन. हा तलाव कोणी केला, असं त्यांनी विचारलं. योगेंद्र पुढे झाला. माझं, महादेवाचं, गमबुटांचं नाव त्याने काढलं नाही. मी केला साहेब, एवढंच बोलला.

शिक्षा म्हणून मंत्री परत येईपर्यंत त्याला हेलिकॉप्टरची धूळ पुसायला लावलं. अडीच तास. पुसता पुसता तो प्रश्न विचारत गेला, कॅप्टन उत्तरं देत गेले, आणि शेवटी मी लांबून बघितलं तर तो आत बसलेला होता, दोन्ही हात मांडीवर, देवळात बसावं तसा. त्यांनी विचारलं होतं म्हणे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित होतं का. होतं. मग अडतंय कुठे, असं ते म्हणाले.

परत निघताना लोटनभाऊ मला म्हणाले, "ताई, यान्हं मन आते तठेच ऱ्हायनं."

माझ्या सोमवारापासून हे सुरू झालं, हे मी तेव्हाच मनाशी नोंदवून ठेवायला हवं होतं.

*

नंतर तो आमच्या रुग्णालयात यायला लागला. बंबातली प्रथमोपचार पेटी भरून न्यायची असायची. धुळ्यात त्या उन्हाळ्यात फार आगी लागल्या नाहीत, पण त्या पेटीतला कापूस मात्र आठवड्याला संपायचा. मी भरून द्यायचे. तो पेटी काखेत धरून आणखी पंधरा मिनिटं उभा राहायचा.

जूनपर्यंत आम्ही "तू"वर आलो. चोवीस तासांची पाळी संपली की तो वाचनालयात बसायचा. हवाई नियम, दिशामार्गण, हवामान, यंत्राची माहिती... इंग्रजीतली जाड पुस्तकं. पांझरेच्या पुलावर उभं राहून मी त्याचं पाठांतर तपासायचे. अर्ध्या शब्दांचे उच्चार मला येत नव्हते, त्यामुळे तो चुकला तरी कळायचं नाही. तो मात्र स्वतःच सांगायचा, हे चुकलं, परत विचार.

एकदा शिरपूरच्या बाजूने ढग चढत होता, खाली काळा, वर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा.

"याच्यात शिरायचं नसतं," तो म्हणाला. "कितीही घाई असली तरी लांबून वळसा."

"आणि माणसांच्या बाबतीत?"

"ते अजून अभ्यासक्रमात आलेलं नाही." मग, कठड्यावरच्या माझ्या हातापासून चार बोटांवर हात ठेवत, "पण तिथे मी आधीच शिरलोय बहुतेक."

मी नदीकडे बघत राहिले. कान तापले होते. पुलावरून एसटी गेली तसा कठडा थरथरला, आणि ती चार बोटं कधी संपली ते आम्हा दोघांनाही सांगता येणार नाही.

सुखाच्या त्या दिवसांतही माझ्या मनात एक भीती असायची. माझे वडील वायरमन होते. मी नऊ वर्षांची असताना ते विजेच्या खांबावरून पडून गेले. मला आठवते ती त्यांची एक चप्पल, खांबाच्या बुडाशी नीट काढून ठेवलेली. तेव्हापासून माझ्या नोकरीमुळे धुळ्याला येईपर्यंत आई आणि मी अमळनेरला मामांच्या शेजारी राहिलो, आणि गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा मी जात नसे. योगेंद्र आगीत जायचा त्याची मला तेवढी भीती वाटत नव्हती. आग जमिनीवर असते. हे शहाणपण नव्हतं, नऊ वर्षांच्या मुलीचं वाटणं होतं. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते... तो वैमानिक झाला तर धुळ्यात कशाला राहील.

*

दोन वर्षांत लेखी परीक्षा सुटल्या. दक्षिणेतल्या एका प्रशिक्षण संस्थेत त्याला जागा मिळाली. खर्चाचा विषय त्याच्या घरी भांडून, रडून एकदाचा मिटला. राहिली होती ती वैमानिकांची वैद्यकीय तपासणी.

तपासणीच्या दोन महिने आधी, जानेवारीत, अमळनेर रस्त्यावरच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या गंजीला आग लागली. कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत धुमसत राहतो. तो आत गेला, एक बाई अडकली होती, तिच्या तोंडाला स्वतःचा मास्क लावून तिला बाहेर घेऊन आला. बाई दुसऱ्या दिवशी घरी गेली. तो आठ दिवस आमच्या वॉर्डात होता. त्याच्या थुंकीतली काजळी मी माझ्या हाताने पुसली आहे.

बरा झाला आणि पुन्हा पुस्तक उघडून बसला. तेव्हा मी ते केलं.

देवपूरच्या एकवीरा देवीला मी दर मंगळवारी जाते. त्या मंगळवारी ओळीत उभी राहून, डोळे मिटून मी म्हणाले, आई, याला तपासणीत पास करू नकोस. तो जमिनीवर राहू दे. खण-नारळाने तुझी ओटी भरेन, पुरणाचा नैवेद्य आणेन. आजवर मी देवीकडे कोणाचं वाईट मागितलं नव्हतं. मागताना माझा आवाजही नेहमीसारखाच होता, मऊ.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. छातीच्या फोटोत डाग दिसत होते, फुंकण्याच्या चाचणीत आकडा कमी आला होता. तात्पुरता अपात्र. सहा महिन्यांनी पुन्हा. तोवर ती तुकडी निघून जाणार होती.

"नाही झालं, सुलू," तो म्हणाला.

पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. एक क्षणच. पण तो होता.

*

पूर्ण झालेला नवस फेडायचा असतो. आमच्याकडे याला पळवाट नाही. नवस अंगावर ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, घरात ताप आला तरी दचकतात. मी खण आणला, नारळ आणला, आणि पिशवी खुंटीला टांगून ठेवली. ओटी भरायची म्हणजे देवीला सांगायचं, तू दिलंस ते मला पावलं. ते माझ्या तोंडून निघेना. एक मंगळवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिन्ही सांजेला दिवा लावायचे, हात जोडायचे, आणि शब्दच नसायचे. आईने विचारलं, पिशवी कशाची आहे. मी म्हणाले, एका मैत्रिणीची.

तोही खंगला होता. कामावर जायचा, विझवून यायचा. पुस्तकांना त्याने वर्तमानपत्राची कव्हरं घालून माळ्यावर टाकली. एका दुपारी पुलावर तो म्हणाला की बाईला वाचवल्याचं वाईट वाटत नाही, पण रोज सकाळी उठल्यावर श्वास मोजावासा वाटतो, आणि मोजायची भीती वाटते.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, ओळीने. वडिलांची चप्पल, देवीपुढची रांग, मागितलेले शब्द जसेच्या तसे, टाळलेले तीन मंगळवार, आणि फोन आल्यावरचा तो एक क्षणसुद्धा.

त्याने कठड्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाला, "धुरामुळे झालंय ते. तुझ्यामुळे नाही. एवढं मला कळतं."

"मला माहीत आहे."

"पण तू मागितलंस."

"हो."

तो पुलावरून देवपूरच्या बाजूला चालत गेला, माझ्याकडे न बघता. पुढचे पाच दिवस फोन नाही. प्रथमोपचार पेटी घेऊन दुसराच फायरमन आला. मी ती भरून दिली, कापूस मोजून.

मंगळवारी मी पिशवी खुंटीवरून काढली. होईल ते होवो, हे ओझं तरी उतरवावं म्हणून गेले. देवळाच्या पायऱ्यांवर तो बसला होता. दाढी वाढलेली, हातात पुरणपोळ्यांचा डबा.

"वहिनीकडून करून घेतल्या," तो म्हणाला. "नैवेद्य बोलली होतीस ना. तीन मंगळवार टाळलेस तर चौथा तरी टाळणार नाहीस, असं वाटलं."

आम्ही रांगेत उभे राहिलो. ताट त्याने धरलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं... पुजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाचा नवस, कशासाठी. मी त्याच्याकडे बघितलं.

"हिचा आहे," तो म्हणाला. "माझ्यासाठी केलेला. पूर्ण झाला."

पुजारी प्रसन्न हसले आणि त्यालाच नारळाची वाटी दिली, छान झालं म्हणाले. मी तिथेच रडले. लोकांना वाटलं आनंदाने.

बाहेर आल्यावर तो खोबरं तोडत बसला. अर्धा तुकडा मला दिला. रागावला आहेस का, असं मी विचारलं. आहे, तो म्हणाला, आणि थोडे दिवस राहीन. मग उरलेलं खोबरं संपवून:

"एक कर. इथून पुढे माझ्यासाठी काही मागू नकोस. पास होऊ दे म्हणूनसुद्धा नाही. जे वाटेल ते मला सांग. भांड माझ्याशी."

मी हो म्हणाले. आयुष्यात इतकी व्रतं केली, त्यांत हे सगळ्यात जड गेलं. दिवा लावल्यावर त्याचं नाव ओठांपर्यंत यायचं आणि मी ते तिथेच धरून ठेवायचे.

*

सहा महिने तो पांझरेकाठी पहाटे चालला, मग पळाला. दर पंधरा दिवसांनी जळगावच्या छातीच्या डॉक्टरांकडे मी त्याच्याबरोबर एसटीने जायचे. वाटेत भांडायचेही, त्याने सांगितलं होतं तसं. उंचावरून, लांब जाण्यावरून, न येण्यावरून. तो ऐकून घ्यायचा. ऑक्टोबरमध्ये निकाल आला. पात्र. संस्थेने त्याला पुढच्या तुकडीत घेतलं.

मला आनंद झाला का? झाला, आणि ती भीतीही होती तिथेच राहिली. दोन्ही खरं आहे.

दुपारच्या गाडीने तो जळगावहून निघाला. फलाटावर त्याचा थोरला भाऊ, वहिनी, आणि खास सुट्टी काढून आलेले पितांबरनाना. नानांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, तठे पाणी कमी वापरजो म्हणाले, आणि डोळे पुसायला पाण्याच्या नळाकडे गेले. वहिनीने भावाला बाजूला ओढलं, आम्हाला दोन मिनिटं मिळावीत म्हणून.

दीड वर्ष, तो म्हणाला. त्यानंतर नोकरी कुठे, ठाऊक नाही. माझ्यासाठी थांब असं मी म्हणणार नाही, ते बरोबर होणार नाही. खाली बघून बोलत होता, पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत. गाडीने शिट्टी दिली.

सवयीने माझे हात जुळायला निघाले होते. मी ते सोडले आणि त्याचा हात धरला. फलाटावर, सगळ्यांसमोर, मी, जिचा आवाज वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचत नाही.

"मला तू हवा आहेस," मी म्हणाले. "उडून ये, चालत ये, कसाही. हे मी देवीला सांगितलेलं नाही. तुला सांगतेय."

गाडी हलली. तो दारात चढला, पण हात सुटेपर्यंत मी चार-सहा पावलं बरोबर चालले.

"ऐकलं," तो म्हणाला.