कलम नऊ : मोकळं आकाश

नारळाची झाडं सात. विहीर एक. बोंबील सुकवायच्या बांबूच्या वलांडी चार, पावसाळा म्हणून रिकाम्या. किनाऱ्यावरून ओढून अंगणात आणलेली होडी एक. होडीच्या टोकावर आमच्या कंपनीची पांढरी डिश एक. आणि होडीखालून बाहेर आलेले पाय दोन.

मोजणी तिथंच थांबली, कारण पाय बोलले.

"नेटवाले आलात का?"

"नेटवाली," मी म्हटलं. "प्रांजल. फोनवर तुम्हाला करार वाचून दाखवला होता, ती."

पाय क्षणभर स्थिर झाले... आणि मग सगळा माणूस बाहेर सरकला. हातात ब्रश, गालावर निळ्या रंगाचा पट्टा. हाच दिपेश. आवाज मी लगेच ओळखला. प्रत्येक कलमानंतर शांतपणे 'हं' म्हणणारा आमचा हा एकमेव ग्राहक. बाकीचे मध्येच विचारतात, मॅडम, सही कुठं करायची ते सांगा.

भौतिकशास्त्रात एमएस्सी करून मी मुलुंडच्या ऑफिसात हेच काम करते. उपग्रहावरून मिळणाऱ्या इंटरनेटचे करार लोकांना मराठीत समजावते. फोन सोडून कुठं जावं लागत नाही. पण दिपेशची तक्रार साहेबांनी दोनदा वाचली आणि मला मार्व्याहून फेरीबोटीनं मनोरीला धाडलं. तक्रार एवढीच होती : 'शुक्रवारी आमचा पत्ता समुद्रात जाणार आहे. काय करावं?'

अंगणात उभं राहिल्यावर उलगडा झाला. घराच्या छपरावर झावळ्यांची गर्दी. आकाश मोकळं दिसत होतं ते होडीवर. पावसाळ्यात होडी जागची हलत नाही, म्हणून यानं डिश तिच्यावरच बसवली होती आणि नोंदणीतही तीच जागा दिली होती. शुक्रवारी नारळी पौर्णिमा. होडी पाण्यात जाणार.

"पौर्णिमा कशी विसरलात?"

"विसरलो नाही. नेट पौर्णिमेपर्यंत टिकेल असं वाटलं नव्हतं."

मी हसू आवरलं, कारण पुढचं त्यानं हसत सांगितलं नाही. तो अंधेरीच्या एका कंपनीसाठी घरून समुद्रतळाचे नकाशे करतो. खाडीपलीकडून केबल त्याच्या वाडीपर्यंत आलेली नाही. लाइन तुटत राहिली तर एक तारखेपासून अंधेरीला राहायला या, असं ऑफिसनं कळवलं होतं. तो गेला की होडी विकायची. त्याच्या बाबांचा, अनंतांचा, खांदा गेल्या वर्षी निखळल्यापासून पहाटेचं जाळं त्यांना एकट्यानं ओढवत नाही. आणि डिश परत करायची मुदत शनिवारी संपत होती. त्यानंतर चोवीस महिने बांधील.

मी शिडी लावून छपरापर्यंत चढले, फोन आकाशाकडे धरून सावकाश फिरवला. झावळ्या होत्या तिथं स्क्रीनवरचा आकाशाचा नकाशा लाल झाला. अडथळा एकवीस टक्के. म्हणजे दर थोड्या वेळानं लाइन तुटणार.

"डिश पानांच्या फटीतून नाही का बघत?" त्यानं खालून शिडी धरली होती. "बाकीचं आकाश तर दिसतंय."

"वर एकच उपग्रह उभा असता तर बघितलं असतं. पण ते पळतात. सेकंदाला साडेसात किलोमीटर. एक काही मिनिटांत निघून जातो, जाताना तुमची लाइन दुसऱ्याच्या हातात देतो. डिश जागची न हलता दोघांना ओळखते. म्हणून सगळंच आकाश लागतं."

मग पश्चिमेला ढग थोडे फाकले होते तिथं त्यानं बोट दाखवलं. दिवस बुडून गेला होता, वर अजून उजेड होता. आणि त्या उजेडात एक ठिपका सरकत होता... लुकलुकत नव्हता, घाई करत नव्हता, नुसता जात होता. आमच्याच कंपनीचा होता असं मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण 'ग्राहकाने मोकळे आकाश उपलब्ध करून द्यावे' हे कलम नऊ मी शेकडो वेळा वाचलं होतं आणि एकदाही मान वर केली नव्हती. शिडीच्या पायरीवर मला आपला श्वास ऐकू येत होता. खालून त्याचाही.

"एवढ्या लांबून," तो म्हणाला, "माझा 'हॅलो' घेऊन येतं ते?"

"साडेपाचशे किलोमीटर वर. पापणी लवायच्या आत परत."

ठिपका ढगात गेल्यावरच मी खाली उतरले आणि त्याला कलम सात पुन्हा समजावलं. नोंदणीची जागा म्हणजे खांब नव्हे, अख्खं आवार. कंपनीला कळवून आवाराच्या आत डिश हलवता येते. तिला आवाराबाहेर नेलं, समुद्रावर नेलं, की सेवा बंद.

"मग या आवारात दिवसभर ऊन लागतं अशी जागा सांगा," मी म्हटलं. "सावली नाही, तिथं अडथळाही नसेल."

त्याची नजर वलांडींकडे गेली आणि लगेच परत आली.

"ती आईची जागा आहे. होडी बाबांची, वलांडी आईच्या. तिथं आमच्यात पुरुष खिळासुद्धा ठोकत नाहीत. बाबांनीही कधी ठोकला नाही."

"विचारून तरी बघा."

"मॅडम, मी तुफानात जाईन. तिला तुम्ही विचारा."

"कलम नऊ. आकाश ग्राहकानं द्यायचं. ते तुझं — तुमचं काम आहे."

"तुझं चाललं असतं," तो म्हणाला आणि उगाच ब्रश पुसायला लागला.

शेवटी आम्ही दोघंही गेलो. त्याची आई, सोनूबाई, ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. मी डिशचं, खांबाचं, अंधेरीचं सगळं सांगितलं. त्यांनी हात न थांबवता ऐकलं.

"ताटली ठेव," त्या म्हणाल्या. "पन बोंबील लागले का कावळे बसतील तिच्यावर. खाली माझा माल. ते कोन हाकलंल?"

दिपेश म्हणाला, मी कॉलवर असणार. त्या म्हणाल्या, मग ताटली नको. आणि मी... मी म्हटलं, "मी येईन. शनिवार-रविवार."

कोणत्याही कलमात हे नव्हतं. सोनूबाईंनी आधी मला पाहिलं, मग मुलाला.

"बोंबलाचा वास सोसंल काय गो, पोरी?"

"अजून घेतला नाही. घेऊन सांगते."

शुक्रवारी वलांडींच्या कडेला लोखंडी खांब उभा राहिला. सोनूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. होडीला पताका लागल्या, नारळ वाहिला गेला, भावकीतल्यांना घेऊन अनंता पहिल्या फेरीला निघाले. होडी ढकलून दिपेश ओल्या पायांनी खांबापाशी आला. गालावर निळ्याऐवजी आता गुलाल होता.

"एक करार समजावून सांग," तो म्हणाला.

"कुठला?"

"तू आईशी केलास तो. मुदत किती?"

"त्यांनी घातली नाही."

"परत करायची सोय?"

"तीस दिवस... सगळ्यांनाच असते."

"आणि मुदत संपल्यावर?"

"कुणी नको म्हटलं नाही, तर आपोआप पुढं चालू राहतो." माझा आवाज फोनवरच्यासारखा सपाट येत नव्हता. "पण पूर्ण ऐकल्याशिवाय होकार देऊ नये, असं मी ग्राहकांना सांगते."

"मी सगळं ऐकलं होतं. प्रत्येक कलमाला हं म्हटलं होतं."

"का म्हणत होतास?"

"तू पुढचं वाचावंस म्हणून."

दूर पाण्यावर होडी वळत होती. वरती ढग होते, पण ढगांपलीकडे ते पळतच होते, एकमेकांच्या हातात काहीतरी देत. त्यानं तळहात पुढं केला — रंगाचा, रेतीचा, ओला.

"हं," मी म्हटलं आणि माझा हात त्यात ठेवला.

दुसऱ्या हातानं मी चाचणी सुरू केली. इथून वर, वरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

अडथळा : शून्य टक्के. जाऊन येऊन : एकतीस मिलीसेकंद.