आरशातला मामा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गाडी मीच चालवत होतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. भर दुपार. आडरानातली कच्ची वाट, जेमतेम सात किलोमीटर. पण तेवढ्यात नदी चार वेळा आडवी येते.

माझा मामा गॅरेजवाला. सुट्टीला जीप घेऊन अशा वाटा तुडवायचा नाद मला त्यानेच लावला. नदी ओलांडायची त्याची एकच रीत. दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं जीपच्या पुढच्या हुकाला. काठीने तळ चाचपत तो पुढे, जीप हळूहळू त्याच्या मागे.

"मी पाण्यात असताना आभाळ कोसळलं तरी गाडी मागे घ्यायची नाही," तो दरवेळी बजावायचा. "नाहीतर मामीला तोंड तुलाच दाखवायचंय."

पहिल्या दोन ठिकाणी पाणी गुडघ्याएवढं होतं. तिसऱ्या ठिकाणी ते त्याच्या कमरेला लागलं.

मी पुढची चाकं पाण्यात घातली. मामा मधोमध पोचला होता.

आणि नदीचा आवाज थांबला...

पाणी वाहत होतं. पण आवाज नाही. इंजिनाचाही नाही.

मग मागून हाक आली.

"अरे, थांब. मी इकडे आहे. कुणाच्या मागे चाललायस?"

मामाचाच आवाज. मी आरशात पाहिलं...

मागच्या काठावर मामा उभा होता. तोच निळा शर्ट. तीच काठी. कपडे मात्र कोरडे ठणठणीत.

मग दोराला बांधलेला हा कोण? तो पाठमोराच पुढे चालला होता.

मला काही सुचेना. मी रिव्हर्स टाकला.

दोर ताणला. पुढचा माणूस उलटा पाण्यात पडला. पडताना त्याने माझ्याकडे पाहिलं.

तो मामाच होता.

मागच्या काठावर कुणीच नव्हतं.

दोर ओढला तर फास रिकामा आला. गाठ तशीच आवळलेली. मामा आजतागायत सापडलेला नाही.

मामी चिडली नाही. एकदाच म्हणाली, "तो तुला दरवेळी सांगायचा ना रे?"

तेव्हापासून गाडी मागे घ्यायची वेळ आली की मी किल्ली दुसऱ्याला देतो. मित्र टिंगल करतात. करू देत.

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये विसरलो. रिव्हर्स टाकला, आरशात पाहिलं...

निळा शर्ट. कोरडा. हाताने खुणावत होता, येऊ दे... अजून येऊ दे...

आणि बॉनेटच्या पुढे दोर ताणल्यासारखा करकर आवाज आला.

समोर बघायची माझी हिंमत झाली नाही.