चौदा नंबरचा भाऊ

अट पहिली. शेगडी दाराबाहेर पेटवावी.

पेटवत होतो. उधन्याला रेल्वे फाटकापलीकडे, लूमच्या खात्यांच्या, म्हणजे कारखान्यांच्या, मागे आमची दुमजली चाळ. वरच्या मजल्यावर चौदा नंबर माझा. दिवसभर लूमची खटखट भिंतीतून यायची. तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरत असायचं. अडुसष्टच्या पुरानंतर सुरतेत खोली मिळणं कठीण झालं होतं, पण ही मिळाली. प्रमिला, माझी बायको, अमळनेरजवळच्या गावी माझ्या आईपाशी होती. दिवस गेले होते. बाळंत झाली की तिला इथे आणायचं, एवढ्यासाठी मी ही खोली धरून होतो. खोली गेली तर तिला आणणार कुठे?

अट दुसरी नळाची, तिसरी संडासाची. त्या सोडतो.

अट चौथी. पोटभाडेकरू ठेवू नये. रक्ताच्या नात्यातलाच माणूस राहील. दुसरा आढळल्यास खोली त्याच दिवशी खाली.

सगळेच ठेवत. मी चिंधाला ठेवलं. तो एरंडोलकडचा, रात्रपाळीचा. मी दिवसपाळीचा. बिस्तरा एकच, कधी थंड पडत नसे. एका रविवारी मालकाचे मेहताजी न सांगता वर आले आणि चिंधाकडे बोट केलं.

"आ कोण? पेटाभाडूत तो नथी ने?"

"नाही मेहताजी. भाऊ आहे. सख्खा."

"नाम?"

मी एकुलता. चिंधाचं खरं नाव खात्याच्या हजेरीपटावर होतं, आणि खातं मालकाच्या साडूचं. तोंडात आलं ते सांगून टाकलं. भिकन.

आमच्याकडे मुलं जगत नसली की देवापुढे पदर पसरतात. तसं मागून घेतलेल्या मुलाला हे नाव ठेवतात. गमतीत कुणी ठेवत नाही. मेहताजींनी अटींच्या भाडेचिठ्ठीच्या मागे लिहिलं, भिकन, शालिग्रामनो भाई, आणि जिना उतरले.

चिंधा पोट धरून हसला. "काय दादा, चिंधीचा एकदम भिकारी केला मला! बढतीच झाली."

अट पाचवी. पाहुणा तीन दिवसांवर राहू नये.

तीन महिन्यांनी चिंधा कल्याणला गेला. त्याच्या जागी पोपट आला. चिंधा बुटका आणि गोरा. पोपट काळा, उंच, पुढचा एक दात पडलेला. त्याला म्हटलं, इथे तू भिकन. समोरच्या मालतीबाई पहिल्याच दिवशी त्याला म्हणाल्या, "भिकनभाऊ, किती वाळलात हो!" मला बरं वाटलं. बाई समजूतदार, सांभाळून घेते.

मग मेहताजी आले. पोपटला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं, "ताव उतरी गयो?"

जाण्याआधी चिंधाला ताप आला होता. पोपटला नव्हता आला. आणि मेहताजी कुणाला सांभाळून घेणाऱ्यातले नव्हते.

दोन महिन्यांत पोपट ट्रंकेला दोरी बांधू लागला.

"खाण्यापिण्याचा त्रास होतो का रे?"

"नाही."

"मग?"

"दादा, दुपारचा मी आत झोपलेला असतो. मालतीबाई बाहेरून हाक मारते, भिकनभाऊ, नळ आला. मी उठायच्या आत बाहेर कुणीतरी ओ देतं."

"दुसऱ्या कुणाला मारत असेल हाक."

"उठून बघतो तर आपली बादली दाराशी भरलेली."

पोपटने ट्रंक खांद्यावर घेतली. जिन्यावरून म्हणाला, "तुमचा भाऊ तुम्हीच सांभाळा."

त्या दिवसानंतर मी कुणाला ठेवलं नाही. संध्याकाळी पाळीवरून यायचो तेव्हा बिस्तरा उबदार असायचा. पत्रे तापतात, त्याने असेल.

अट सहावी. राहणाऱ्यांत बदल झाल्यास कळवावे.

मुलगा झाल्याची तार आली तेव्हा कळवायला गेलो. आता खोटं नाव नको होतं.

"मेहताजी, भाऊ गावी गेला. त्याचं नाव काढून टाका."

"क्यां गयो?" त्यांनी समोरच्या बाकाकडे हात केला. "सवारे तो अहीं बेठो हतो. चा पीधी."

बाकावर सकाळच्या चहाची एक कपबशी होती. कप बशीवर उपडा घातलेला.

"कसा दिसतो?" मी विचारलं.

मेहताजी हसले. भावाने विचारावा असा हा प्रश्न नव्हता. "तमारा करतां सारो माणस छे," ते म्हणाले. तुमच्यापेक्षा चांगला माणूस आहे. नाव त्यांनी काढलं नाही.

महिन्याने आईचं पत्र आलं. अक्षर गावच्या मास्तरांचं. प्रमिलाला आणि बाळाला घेऊन बुधवारी दुपारच्या गाडीने येते. भिकनला स्टेशनावर पाठव.

गावचं कुणी उधन्याला आलं असेल, इथे ऐकून तिथे बोललं असेल. मी तसं ठरवलं. तसं ठरवून दोन रात्री झोपलो.

बुधवारी अर्धी पाळी सोडून मीच स्टेशनावर गेलो. गाडी आली. माणसं उतरली, फलाट रिकामा झाला. आई नव्हती, प्रमिला नव्हती. हमालाला विचारलं. तो म्हणाला, बाळ घेतलेली एक बाई आणि एक म्हातारी मघाशीच गेल्या. घ्यायला आला होता त्यांचा माणूस.

मी धावत निघालो.

अट सातवी.

चिठ्ठीवर सातवीचा आकडा आहे. पुढे काही लिहिलेलं नाही.

चाळीच्या अंगणात दोन खोल्यांचं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. पोटभाडेकरू शोधायचा दिवस. एक बाई खाटेवर बसून रडत होती.

चौदा नंबरच्या दारात मेहताजी उभे होते. शेगडी पेटलेली. आई भाकरी थापत होती. आत झोळी बांधलेली, तिच्यात माझा मुलगा. मी त्याला अजून पाहिलं नव्हतं.

प्रमिलाने मला पाहिलं. पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आई, मी आलो," मी म्हणालो.

आईने मान वर केली. "कोन शे, भाऊ?"

"मी!"

तिने प्रमिलाकडे पाहिलं. प्रमिलाने पदराआडून मान हलवली. नाही.

"माजी," मेहताजींनी आईला विचारलं, "छोकरा केटला?"

"एकच शे. भिकन. आत्ते पानी भराले गया."

मेहताजी माझ्याकडे वळले. "तो आ कोण? पेटाभाडूत?"

मी आईकडे पाहिलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग खाली, खाटेवर रडणाऱ्या बाईकडे. तिला माझी दया आली असावी. परक्या माणसाची येते तशी. पिठाचे हात झटकून ती उठली आणि माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"नही साहेब. हाऊ बी मनाच पोऱ्या शे. सख्खा."

"हमणां तो एक कह्यो."

"म्हातारी शे मी. इसरी गऊ."

मेहताजींनी चिठ्ठी उलटी केली. पेनाचं टोपण काढलं.

"नाम?"

आई अर्धी वळली. लोक खोटं बोलताना बघतात तसं तिने जमिनीकडे बघितलं आणि ओठ न हलवता मला विचारलं,

"तुमनं नाव काय सांगू, भाऊ?"