बोटाने ढकलावे लागणारे पंखे

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या ज्या मावशीच्या घरात घडली, ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत वीस वर्षे काम करते आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक आकडा लिहीत नाही. हे सगळे तिच्या वहीत तारीखवार आहे.

वार मंगळवार. रात्र नव्हती. दुपारचे पावणेतीन. तिसऱ्या मजल्यावरची मधली खोली.

त्या खोलीत दोन जीव असायचे. पलंगाला खिळलेल्या सासूबाई, आणि काचेच्या टाकीत काकांचा मासा.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, चार महिन्यांपूर्वी गेले. मासा मागे राहिला. नऊ वर्षांचा, एका डोळ्याने आंधळा. सासूबाई त्याच्याकडे बघत, तेव्हा कुठे दोन घास पोटात जात.

उन्हाळा लागला आणि टाकीचे पाणी एकतीस अंशांवर गेले. मासा वर येऊन तोंड उघडू लागला.

"अगं, पंखे बसव त्याला," सासूबाई म्हणाल्या. "पण घरघर नको हं. माझ्या डोक्याचा आधीच भुगा झालाय."

मावशीने दुकानात एकेक पंखा लावून ऐकला.

"ताई, लोक वारा बघतात," दुकानदार म्हणाला. "तुम्ही कान लावून काय ऐकताय?"

"काही ऐकू येत नाही ना, ते."

"मग हे संगणकाचे घ्या. स्वस्तही आहेत. माझ्या बायकोपेक्षा तरी कमी बोलतात."

पूर्ण विजेवर तेही गुणगुणतच होते. मावशीने बारा व्होल्टचे साडेसहा केले. आवाज संपला. दोन्ही पंखे टाकीच्या झाकणात बसवले. पाणी सत्तावीसवर आले.

एकच खोट राहिली. इतक्या कमी विजेवर पंखे फिरत राहत. पण वीज जाऊन आली, की आपणहून सुरू होत नसत. झाकणाची झडप उचलून पात्यांना बोटाने ढकलावे लागे.

रविवारी नीट करू, असे ती म्हणाली. राहून गेले.

त्या मंगळवारी शेजारणीचा फोन आला. "दोन तास वीज नव्हती गं. आत्ता एकला आली."

सांभाळणारी बाई अकरालाच जेवण भरवून, दार ओढून गेली होती. किल्ली फक्त मावशीकडे. आणि मावशीच्या हातात अर्धवट तपासणी, सोडून उठता न येणारी. ती घड्याळाकडे बघत राहिली.

पावणेतीनला तिने कुलूप उघडले. मासा उलटा तरंगत असणार...

पंखे फिरत होते.

दोन्ही.

पाणी सत्तावीस पूर्णांक दोन.

"आई... पंखे कोणी चालू केले?"

"तो येऊन गेला ना."

"कोण?"

सासूबाईंनी तिच्याकडे खुळीकडे बघावे तसे बघितले. "टाकी कुणाची आहे?"

टाकीखाली फरशीवर पाण्याचे चार थेंब होते. पलंगाच्या दिशेने... दुसऱ्या फरशीपर्यंत.

टाकी ते पलंग आठ फरश्या आहेत.

मावशीने त्या संध्याकाळी बटण पन्नास वेळा बंद-चालू केले. पंखे आपणहून एकदाही फिरले नाहीत.

मग वीज वारंवार जाऊ लागली. मावशी बाहेर असली, की परतल्यावर पंखे चालू. घरी असली, की काहीच नाही.

एका रविवारी वीज आली तरी ती उठली नाही. हात मांडीवर धरून बसली. अठ्ठावीस... एकोणतीस... तीस. मासा वर आला.

"तू असताना नाही यायचा तो," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर जा."

"माझ्यासमोर का नाही, आई? मी त्याची कोणीच नाही का?"

सासूबाई माशाकडे बघत राहिल्या.

मावशी बाहेर गेली. दार ओढले. दाराला कान लावला.

काहीच नाही. ऐकू येणारच नाहीत, असेच पंखे तिने निवडले होते.

दहा मिनिटांनी दार उघडले. पंखे फिरत होते. थेंब पाचव्या फरशीपर्यंत आले होते.

त्याच दिवशी तिने वीज वाढवली. पंखे गुणगुणत आपणहून सुरू होऊ लागले. थेंब थांबले.

आणि सासूबाईंनी तोंड मिटले. घास नाही, पाणी नाही.

"त्याला हात लावायला काही ठेवलंच नाहीस तू," एवढेच म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, "कसंही करा, पण पोटात काहीतरी जाऊ द्या."

तिसऱ्या दिवशी मावशीने पुन्हा साडेसहा व्होल्ट केले.

वहीतली कालची नोंद अशी: वीज गेली एक दहाला, आली एक चाळीसला. पाणी सत्तावीस. थेंब आठव्या फरशीवर. पलंगाची कड ओली, कोणी टेकून उठावे एवढी.

सासूबाईंनी काल ताट चाटून पुसून संपवले. "आज बसला होता थोडा वेळ," म्हणाल्या. "उद्या मला घेऊन जातो म्हणालाय."

आज दहा ते तीन वीज नसणार, असा निरोप आहे. मावशीने रजा मागितली. मिळाली नाही. बाईला थांबायला सांगितले, तर ती म्हणाली, "त्या खोलीत? मी नाही, ताई."

सकाळी निघताना मावशीने झाकणाला कान लावला.

पंखे फिरत होते की नाही, तिला ऐकून कळले नाही.

आत्ता साडेतीन वाजलेत. ती दाराबाहेर, जिन्यात उभी आहे. किल्ली हातात आहे, दार अजून बंद. तिने मला फोन केलाय... आणि दाराला कान लावलाय.