चारशे बारा वेळा ‘इतर’

या हो, असं पुढं सरका. भिंतीला टेकून कुणी बसू नका, डोळा लागतो. दिग्रसच्या एका जिनिंगातली, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातली, गोष्ट सांगते. प्रेमाची आहे, आणि एका बुडालेल्या कामाचीही. काम कशानं बुडालं आणि कोण कुणावर का भाळलं, हे एकमेकांत इतकं गुंतलंय की सांगता सांगता माझाच गोंधळ उडतो. उडाला तर सांभाळून घ्या, माउली.

डिसेंबरातली कोवळ्या उन्हाची सकाळ होती. मोनाली रिक्षातून नानाजींच्या जिनिंगच्या फाटकाशी उतरली. मुलगी यवतमाळची, नोकरी मात्र पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीत. कापसाची गाडी फाटकात शिरल्यापासून गाठ बांधून बाहेर पडेपर्यंत सगळं स्क्रीनवर दिसावं, अशी व्यवस्था नानाजींच्या जिनिंगात बसवायला ती आली होती.

फाटकात एक भरलेली गाडी उभी होती. वर एक तरुण, कोपरापर्यंत हात कापसात. त्यानं मूठभर कापूस ओढला, अंगठ्यांत धागा ताणून पाहिला, सरकी काढली आणि दाताखाली फोडली. कट्ट!

“तुम्ही... कापूस खाता?” मोनालीच्या तोंडून निघून गेलं.

“जेवणाआधी थोडासा,” तो वरूनच म्हणाला. “सरकी कडक वाजली म्हंजे माल वाळलेला. मॅडम, तुमच्या पापणीवर रुई बसली.”

तिनं डाव्या डोळ्यावरून बोट फिरवलं.

“ती नाही... उजवी. उजवी म्हंजे माह्याकडून नाही... राहू द्या, चांगली दिसते.”

तो श्रावण. कापसाची प्रत ठरवणारा माणूस. अख्खं जिनिंग त्याच्या शब्दावर चालायचं.

तीन दिवस मोनालीनं सगळ्यांना शिकवलं. गाडी आली की स्क्रीनवर शेतकऱ्याचं नाव, गाडीचा नंबर, मग मालाची प्रत. पहिली, दुसरी, तिसरी, नाहीतर इतर. बटण दाबलं की चिठ्ठी निघते, फाटक उघडतं, आणि मग त्या नोंदीला कुणालाच हात लावता येत नाही.

“समजलं?”

“समजलं मॅडम,” सगळे एका सुरात म्हणाले. कीर्तनात विठ्ठल विठ्ठल म्हणतात ना, अगदी तसे.

श्रावण तेवढा गप्प होता. स्क्रीनकडे बघत होता, की स्क्रीनच्या काचेत दिसणाऱ्या तिच्याकडे... देव जाणे.

पंधरा दिवस गेले. एका दुपारी नानाजींनी तिला बोलावलं. “बाई, तुह्यं यंत्र सांगते की माह्या जिनिंगात आलेला सगळाच्या सगळा कापूस ‘इतर’ आहे! मी बत्तीस वर्षं इतर कापूस पिंजून राह्यलो का?”

मोनालीनं पाहिलं. चारशे बारा गाड्या. चारशे बारा वेळा ‘इतर’. आणि प्रत्येक नोंदीपुढं एकच नाव... श्रावण.

तिला काही उमजेना. रोज सकाळी तिच्या टेबलावर तिखटमीठ लावलेली बोरं ठेवणारा हाच ना? गाणं गुणगुणत येणारा, ती वळली की गाणं विसरणारा हाच ना? मग तिचं काम बुडवतोय तो कोण?

त्यात पुण्याहून साहेबांचा फोन; नोंदी तिकडेही दिसत होत्या. “शनिवारपर्यंत चालू झालं नाही तर आपण हे काम बंद करतोय. अपयशाचा अहवाल तयार ठेव. त्यात ‘जबाबदार व्यक्ती’ असा रकाना आहे. तो प्रतवाला मुद्दाम करतोय ना? टाक त्याचं नाव. नाहीतर तुझं जाईल.”

ती तडक गाडीतळावर गेली. “श्रावण! काहून करून राह्यले तुम्ही असं?”

तो हसायलाच लागला. “अरे वा! मॅडमले आपली भाषा येते!”

“विषय बदलू नका. मुद्दाम करता ना?”

“मुद्दाम... म्हंजे हो. नाही. थोडंसं.” त्यानं मान खाजवली. “खोटं टाकता येत नाही मले, म्हणून ‘इतर’ टाकतो. अन् काम जुळलं तर तुम्ही पुण्याले निघून जासान, म्हणून सांगायची घाई केली नाही. दोन्ही खरं आहे. आता यातलं जास्त खरं कोणतं, ते मलेच समजत नाही.”

मोनालीला राग आला. आणि रागातच कुठूनसं बरंही वाटलं, त्याचा आणखी राग आला. पाय आपटत ती निघाली, तर वाटेत मथुराबाईनं हात धरला. मथुराबाई गाड्या रिकाम्या करणारी. हंगामापुरती आलेली, केसांत कायम कापूस.

“भांडतं कायले पोरी? चाल माह्यासंगं.”

तिनं मोनालीला एका अर्ध्या रिकाम्या गाडीवर चढवलं. “घाल हात. वरती.” वरचा कापूस उन्हानं कोमट, कोरडा, सशासारखा. “आता खाली घाल. आणखी. पार तळाशी.” मोनालीनं खांद्यापर्यंत हात घातला आणि दचकून काढला. तळाला माल थंडगार, दमट, काळपट पानांचा.

“पहाटच्या दवातला येचलेला खाली असते, दुपारचा वरती,” मथुराबाई म्हणाली. “म्हणून श्रावण फाटकावर निस्तं पाह्यते, बोलत नाही. गाडी रिकामी झाली, की दुसऱ्यांदा हात घालते, मंग बोलते. ते डबडं फाटकावरच इचारते, अन् मंग आयकतच नाही. काय टाकीन बिचारा?”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू इचारलं कोणाले?”

मोनाली तिथंच गाडीच्या कडेवर बसली. तिला आठवलं, काम ठरलं तेव्हा ती एक दिवस येऊन गेली होती. नानाजींच्या केबिनमध्ये चहा घेतला होता. “गाडी आली की श्रावण पाह्यते अन् प्रत ठरते,” असं ते म्हणाले, आणि तिनं तेवढंच लिहून घेतलं. खाली उतरून गाडीतळापर्यंत ती आलीच नव्हती. अवघी साठ पावलं होती हो.

तिनं साहेबांना फोन केला. गाडी रिकामी झाल्यावरच्या दुसऱ्या नोंदीसाठी एक जागा वाढवू, दहा दिवस द्या म्हणाली. साहेब म्हणाले, “एकाही दिवसाची तरतूद नाही. रकाना भर.”

शनिवारी दुपारी ती अहवाल उघडून बसली. त्याचं नाव टाकलं की तिची नोकरी राहत होती. नाही टाकलं तर... मनातल्या मनात तिनं विठ्ठलाला विचारलं, तर तोही कमरेवर हात ठेवून गप्प. शेवटी तिनं त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. कारणापुढं एकच ओळ: ‘ज्याच्या हाताचं काम होतं, त्याला विचारलं नाही.’

तासाभरात फोन आला. काम बंद. तीही बंद.

एसटी स्टँडवर ती बॅग घेऊन उभी असताना श्रावण धापा टाकत आला. नानाजींकडून त्याला सगळं कळलं होतं.

“माह्यं नाव काहून नाही टाकलं?”

“खोटं टाकता येत नाही मला.”

तेवढ्यात यवतमाळची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी लोटली.

“हे काय होऊन बसलं, मला काहीच कळत नाहीये,” ती पुटपुटली. “काम गेलं, नोकरी गेली, आणि रडू येत नाही. असं कसं?”

“मले तरी कुठं समजून राह्यलं!” श्रावणनं तिची बॅग उचलली, गाडीकडे दोन पावलं गेला आणि थांबला. “पण मोनाली...” पहिल्यांदाच तो मॅडम म्हणाला नाही. “ही गाडी जाऊ देतं का? मले तू आवडतं. लय आवडतं. एवढं एकच पक्कं समजते.”

कंडक्टरनं घंटी दिली. मोनालीनं बॅगेचा दुसरा बंद धरला, त्याच्या बोटांना लागून. गाडी त्यांच्याशिवाय निघून गेली.

लग्न मे महिन्यात झालं, कापसाचा हंगाम संपल्यावर. पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरीवर मोनालीनं मथुराबाईचं नाव घातलं. पण द्यायची कुठं? ती कोणत्या गावची, कुणालाच सांगता येईना. जिनिंगच्या वहीत नव्हती, स्क्रीनवर तर नव्हतीच. कुणी म्हणालं घाटंजीकडची, कुणी म्हणालं वणीला गेली. ती पत्रिका अजून त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

तेव्हा माउली, उठायच्या आधी एवढं करा. घरी दिवा लावाल, तेव्हा एकदा मथुराबाईचं नाव घ्या.