दोन ओढ्यांच्या बेचक्यात

"फोन गेलाय," गाडीतून डोकं बाहेर काढत गॅव्हिन मल्काही म्हणाला. "इथे समोरच्या कप्प्यात होता. सॅटेलाइट फोन. आपल्याकडे तेवढा एकच."

ताडपत्रीखाली आडवा पडलेला थिओ कालाफातिस कोपरावर उठायला गेला.

परवा चिखलात त्याचा पाय कापला होता. आज पोटरी टम्म फुगली होती आणि लाल रेघ गुडघ्याच्या वर सरकली होती. अंग तापाने फणफणत होतं. ओल्या मातीतून जखमेत शिरणारा हा रोग काय करतो, ते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाच्या डार्विन शहरात जन्म काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. आज रुग्णालय गाठलं तर ठीक, उद्याचं काही खरं नव्हतं.

पण गाठायचं कसं? पुढचा ओढा रात्रीतून भरला होता, मागचा सकाळी. दोन्हीकडे मगरी. मधल्या उंचवट्यावर एक गाडी, चार तंबू आणि पाच माणसं, बशीतल्या माशांसारखी अडकलेली.

थिओची भावजय डेस्पिना नुकतीच मागच्या ओढ्याकडून परतली होती. डार्विनमध्ये ती खासगी गुप्तहेर होती. विम्याची खोटी प्रकरणं, बायकोला टाकून पळालेले नवरे, असली कामं तिची. थिओ तिच्याबरोबर हिंडायचा. आपलं डोकं जरा सावकाश चालतं हे त्याला मान्य होतं.

"पडला असेल कुठेतरी," तो म्हणाला.

"फोनला पाय नसतात, थिओ," डेस्पिना म्हणाली. "पडून राहा."

सकाळी त्याला एका वारुळाच्या सावलीत निजवलं होतं. पुरुषभर उंच, भिंतीसारखी चपटी वारुळं त्या माळावर जिकडेतिकडे होती. ऊन डोक्यावर आलं, तसं त्याला उचलून ताडपत्रीखाली आणावं लागलं. तेव्हाच गॅव्हिन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जेवणापर्यंत ताप उतरला नाही तर हेलिकॉप्टर बोलावतो. ते माणसं नेतील, सामान नंतर अभयारण्याचे रेंजर उचलतील." मग तो पुढच्या ओढ्याचं पाणी बघायला गेला. फोन गेला तो त्यानंतर.

डेस्पिनाने आधी त्यालाच धरलं. सहलीचा वाटाड्या तो, फोन त्याच्या ताब्यातला. त्याची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"रस्ता बंदची पाटी असताना आम्हाला इकडे आणलंस ना?"

गॅव्हिनचा चेहरा लाल झाला. "आणलं. वाटलं, निघून जाऊ. आता परवाना जाणार माझा. पण म्हणून माणूस मरू देईन का मी?"

"देशीलच!" लायल हेन्शॉ ताडकन म्हणाला. हा मेलबर्नचा, कवळ्या बनवणारा गृहस्थ. "रेंजर आले की तुझीच मान अडकणार. सरळ आहे सगळं."

"तुला कुणी विचारलं रे, कवळीवाल्या?"

"भांडण नंतर," डेस्पिना म्हणाली आणि ग्वेन्डा प्रॉसरकडे वळली.

ग्वेन्डा होबार्टची निवृत्त ग्रंथपाल. ती पट्टी भिजवत म्हणाली, "तो फोन पाण्यात टाका, असं काल मीच म्हणाले होते. पण ते चेष्टेत हो! यांना इथे आणल्यापासून मी यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवतेय. पाठ गाडीकडे होती, कोण आलं गेलं ते दिसलं नाही."

थिओने मान डोलावली. जेव्हा जेव्हा डोळे उघडले, तेव्हा ती समोर होती.

"आणि तुम्ही, हेन्शॉ?"

"काय उकडत होतं! गॅव्हिन गेला तसा मी त्या मोठ्या वारुळाच्या सावलीत जाऊन बसलो. डुलकीच लागली. फोन गेल्याचा गलबला ऐकून उठलो." बोलताना तो घोटे खाजवत होता. डासांनी त्यांची चाळण केली होती.

"मोजे घाला की."

"सगळे भिजलेत."

दोरीवर त्याचे दोन शर्ट आणि एक विजार वाळत होती.

डेस्पिना थिओजवळ बसायला वाकली. तिथे ताडपत्रीच्या कोपऱ्यात लायलची बॅग होती, वर ओला टॉवेल पसरलेला. "ही जरा सरकवू?"

"नको!" लायल म्हणाला. "कॅमेरा आहे आत. राहू द्या सावलीत."

थिओला थंडी भरून आली. दात वाजू लागले. आपण इथेच मरणार, या दोन ओढ्यांच्या मध्ये, असं त्याला स्पष्ट वाटलं आणि त्याला फार भीती वाटली. डेस्पिनाने त्याच्या पायावरची रेघ पाहिली. मग ती उठली, लायलची बॅग उचलली आणि बाहेर रणरणत्या उन्हात नेऊन ठेवली.

"अहो! काय करताय?"

"बसा. गॅव्हिन, बॅगेपाशी उभा राहा. कुणाला हात लावू देऊ नकोस." ती सावकाश बोलू लागली. "गॅव्हिनला रेंजर नको असते, तर हेलिकॉप्टरचं नाव त्याने स्वतः काढलं असतं का? ग्वेन्डा थिओजवळून हलली नाही. राहिले हेन्शॉ. तुम्ही भर दुपारी वारुळाच्या सावलीत झोपलात?"

"मग?"

"ऊन अजून डोक्यावर आहे, तिथे सावली उरली नाही, म्हणून तर आजारी माणसाला उचलून इथे आणलं. तुम्ही बसलात कशात?"

लायल अर्धवट उठला. त्याची नजर बॅगेवर होती.

"पावसात शर्ट भिजले, ते दोरीवर आहेत. मोजे मात्र एकही नाहीत. घोटे रक्तबंबाळ झाले तरी घालत नाही. कॅमेऱ्यावर कुणी ओला टॉवेल टाकतं? गारवा लागतो तो जिवंत वस्तूला. या भागातल्या कड्यांमधले सरडे जगात दुसरीकडे मिळत नाहीत. शौकीन लोक वाटेल ती किंमत देतात, आणि चोर ते मोज्यात बांधून नेतात. सामान रेंजरच्या हाती जाणार म्हटल्यावर तुम्हाला हेलिकॉप्टर परवडणार नव्हतं."

"बॅग सावलीत घ्या," लायल पुटपुटला.

"फोन कुठे आहे? माळभर भेगा आहेत, शोधत बसायला आम्हाला वेळ नाही."

"मरतील ते!"

"कुठे आहे?"

"गाडीमागे! खडकाच्या फटीत, दगड लावलाय वर!" लायल किंचाळला. "घ्या ना आत!"

गॅव्हिनने बॅग सावलीत फेकल्यासारखी ठेवली आणि खडकाकडे धावला. ग्वेन्डाने चेन उघडली. एक मोजा आतून वळवळला.

"त्यांच्यासाठी तुझा जीव तुटला," डेस्पिना म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हा माणूस दुपारपासून तुझ्यासमोर तडफडतोय, तेव्हा का नाही तोंड उघडलंस?"



फोन लागला. संध्याकाळच्या आत हेलिकॉप्टर पोहोचेल असं पलीकडून सांगितलं. डेस्पिना थिओच्या उशाशी येऊन बसली.

"तुला पक्कं माहीत होतं?" थिओने विचारलं.

"चोर माहीत होता."

"आणि तो बोललाच नसता तर?"

तिने त्याच्या कपाळावरची पट्टी काढली.

"मग मला पुढचं काहीच सुचलं नसतं, थिओ," ती म्हणाली. कोरडी झालेली पट्टी ती पुन्हा पुन्हा पिळत होती. तिला इतकं घाबरलेलं त्याने कधीच पाहिलं नव्हतं, आपल्या भावाच्या दफनाच्या दिवशीसुद्धा नाही. त्याने तिचा हात धरला, आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत सोडला नाही.